हाकेला ओ

मैत्रिणींनो, गेले चार महिने मी काय वाचत होते ते सांगितलं तर तुम्ही हसाल. आमच्या स्वाध्यायाच्या गटातल्या बायका हसल्याच. एक म्हणाली, "अहो, नातवंडं खेळवायच्या वयात अंतराळातल्या लढाया कसल्या वाचता?" नातवंडं अजून आली नाहीत, म्हणून लढाया वाचायला वेळ मिळाला, असं मी तिला सांगून टाकलं. पण ते खरं उत्तर नव्हतं. खरं उत्तर जरा लांबलचक आहे आणि त्यात माझी एक चूक आहे.

मे महिन्यात मुलगा पुण्याहून घरी आला, तेव्हा त्याने आपला जुना टॅब माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "आई, तू नारळीकर वाचायचीस ना, मग हे वाच." सांगलीला कॉलेजात असताना वाचनालयातून 'यक्षांची देणगी' मी तीनदा आणली होती, ही गोष्ट मीच त्याला लहानपणी सांगितलेली. टॅबमध्ये लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाच्या तीन कादंबऱ्या होत्या, इंग्रजीत: 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम', 'द डार्क फॉरेस्ट' आणि 'डेथ्स एंड'. तिन्ही मिळून दीड हजाराच्या आसपास पानं. पहिलीला २०१५ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. आशियातल्या लेखकाच्या कादंबरीला हा मान त्याआधी कधी मिळाला नव्हता. ताऱ्याताऱ्यांमधून जाणारी जहाजं, शेकडो वर्षांचा काळ, अख्ख्या आकाशगंगेचा पट, अशा कथांना इंग्रजीत 'स्पेस ऑपेरा' म्हणतात, हेही मुलानेच सांगितलं. हा लेखक वीज केंद्रात इंजिनिअर होता आणि नोकरी सांभाळून लिहायचा, हे कळल्यावर मला तो जवळचा वाटला. मीही कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहिणारी बाई.

बी. ए.ला माझा विषय मराठी. फिजिक्सशी दहावीनंतर संबंध सुटला. त्यामुळे वाचन सावकाश चाललं. सुदामा नगरातली दुपार तशी शांत असते. भाजीची गाडी जाऊन गेलेली, शाळेच्या व्हॅन यायला अवकाश. दोन ते चार मी शब्दकोश शेजारी ठेवून बसायचे. सासूबाई पलंगावरून विचारायच्या, "काय वाचतेस गं?" मी म्हणायचे, "तीन सूर्य असलेल्या जगाची गोष्ट." त्या म्हणायच्या, "आपल्याकडे दोनच आहेत."

त्यांचं बरोबर होतं. आपल्या शास्त्रात जंबूद्वीपाला दोन सूर्य आणि दोन चंद्र आहेत, त्यापुढच्या लवण समुद्राला चार, आणि पुढे असंख्य द्वीप-समुद्र. माझी आजी मला झोपवताना हे मोजून दाखवायची आणि मध्येच तीच झोपायची. खगोलशास्त्र म्हणून ते आज कोणी मानणार नाही, पण त्या मोजणीने एक झालं. विश्व आपल्या अंगणापुरतं नाही आणि जीव फक्त आपल्याच अंगणात नाहीत, ही गोष्ट मला कधी चमत्कारिक वाटली नाही. म्हणून या कादंबरीत शिरायला मला फार कष्ट पडले नाहीत.

थोडक्यात गोष्ट सांगते. १९६७ साल, चीनमधली सांस्कृतिक क्रांती. ये वेनजिए नावाच्या तरुण मुलीच्या डोळ्यांदेखत तिच्या प्राध्यापक वडिलांना भर सभेत मारून टाकतात. मारणाऱ्या शाळकरी मुली असतात, आणि वडिलांविरुद्ध बोलायला तिची स्वतःची आई उभी राहते. पुढे ही मुलगी डोंगरावरच्या एका गुप्त लष्करी केंद्रात कामाला लागते. तिथून ती आकाशात एक संदेश सोडते. वर्षं जातात आणि एके दिवशी उत्तर येतं. उत्तर देणारा परक्या जगातला एक साधा पहारेकरी आहे. तो सांगतो, पुन्हा उत्तर देऊ नका. दिलंत तर तुम्ही कुठे आहात ते आमच्या लोकांना कळेल आणि ते तुमचं जग घ्यायला येतील. त्या लोकांचं जग तीन सूर्यांच्या ओढाताणीत सापडलेलं, कधी होरपळतं, कधी गोठतं. त्यांना दुसरं घर हवं आहे.

ये वेनजिए उत्तर देते. या म्हणते. माणसावरचा तिचा विश्वास पार उडालेला असतो. तिकडून आरमार निघतं आणि ते पोचायला चारशे वर्षं लागणार असतात. पुढची सारी कथा म्हणजे त्या चारशे वर्षांतली माणसाची धडपड.

दुसऱ्या भागात लेखक आपला मुख्य सिद्धांत मांडतो. विश्व म्हणजे एक काळोखं जंगल. प्रत्येक संस्कृती म्हणजे बंदूक घेऊन दबक्या पावलांनी चालणारा शिकारी. दुसरा कोणी दिसला तर तो चांगला की वाईट हे कळायला मार्ग नाही. अंतर इतकं, की विचारून उत्तर येईतो तो बलाढ्य झालेला असेल. मग शहाणपण कशात? दिसला की गोळी घाला, आणि स्वतः आवाज करू नका. आकाश इतकं शांत का आहे, याचं लेखकाचं उत्तर हे. जे बोलले ते संपले. बाकीचे दिवे मालवून बसले आहेत.

हे वाचून मी टॅब मिटला आणि बराच वेळ स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत बसले. का, ते पुढे सांगते.

तिसऱ्या भागात चेंग शिन नावाची बाई आहे. तोवर माणसाने एक युक्ती शोधलेली असते. तिकडच्यांना धमकी द्यायची: तुम्ही हल्ला केलात तर आम्ही तुमच्या ताऱ्याचा पत्ता साऱ्या जंगलाला सांगू. त्यात आपलाही पत्ता उघडा पडेल, दोघेही मरू. एका माणसाच्या हातात ते बटण असतं. लुओ जी नावाचा तो माणूस पन्नासहून अधिक वर्षं बटण धरून, भिंतीकडे बघत बसतो आणि तोवर पृथ्वीला कोणी हात लावत नाही. तो म्हातारा झाल्यावर चेंग शिनची निवड होते. लोकांना ती हवी असते, कारण ती प्रेमळ आहे. पदभार घेतल्यावर काही मिनिटांतच हल्ला होतो, आणि ती बटण दाबत नाही. दोन जगांतले सारे जीव एका बोटाने मारणं तिला जमत नाही. मग पृथ्वीवरच्या माणसांना ऑस्ट्रेलियात कोंडलं जातं आणि हाल सुरू होतात.

मुलगा फोनवर म्हणाला, "सगळे वाचक तिला शिव्या घालतात. तिच्या चांगुलपणाने माणसाची वाट लावली. आणि आई, खरं सांगू? ती अगदी तुझ्यासारखी आहे. तूही बटण दाबलं नसतंस."

तो प्रेमाने म्हणाला. पण मला ते लागलं, कारण ते खरं नव्हतं.

एप्रिल २०२० आठवतो? आपल्या इंदूरचं नाव तेव्हा रोज बातम्यांत होतं. कर्फ्यू, रिकामे रस्ते, भाजी फाटकाबाहेर ठेवून मिठाच्या पाण्यात बुडवायची. आमच्या घरी सासरे ऐंशीचे, दम्याचे. एका रात्री अकराच्या सुमाराला समोरच्या मावशींनी गॅलरीतून मला हाक मारली. नाव घेऊन, दोनदा. त्यांचे यजमान दोन दिवस तापाने पडले होते हे गल्लीला माहीत होतं. त्या घरात ती दोघंच, मुलगी परदेशात. मी ओट्याशी उभी होते. दूध तापलं होतं, गॅस बंद केला होता. हाक स्पष्ट ऐकली. आणि मी हात वर करून स्वयंपाकघरातला दिवा मालवला.

एवढंच. शिवी दिली नाही, दार आपटलं नाही. अंधारात श्वास रोखून उभी राहिले.

वरच्या मजल्यावर तेव्हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा खरगोनकडचा एक मुलगा भाड्याने राहायचा. तो तोंडाला गमछा गुंडाळून खाली उतरला. त्याने १०८ला फोन केला, काकांना हाताला धरून जिना उतरवला. काका बारा दिवसांनी परत आले, निम्मे होऊन. मुलगा चौदा दिवस खोलीत बंद राहिला. त्याचा डबा मी जिन्यात ठेवायचे आणि मनात म्हणायचे, देवा, याला काही होऊ देऊ नकोस. त्या प्रार्थनेत त्याची काळजी किती आणि माझी सुटका किती, हे मला आजही सांगता येत नाही.

लिऊ त्सिशिन यांचा सिद्धांत वाचून मी खिडकीकडे बघत बसले, ते यासाठी. काळोख्या जंगलातला दिवा मालवून बसलेला शिकारी मी पाहिला होता. तो गाऊन घालून माझ्याच ओट्याशी उभा होता.

त्या दिवसापासून एक विचार मनात घोळतो आहे. लेखकाच्या सिद्धांताचा पाया असा: जगणं ही प्रत्येकाची पहिली गरज. आता आपल्याकडचा पाया आठवा. प्रत्येक जीवाला जगावंसं वाटतं, मरावंसं कोणालाच वाटत नाही. लहानपणी पाठशाळेत पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. म्हणजे दोघांचं पहिलं वाक्य एकच! आणि निष्कर्ष मात्र टोकाचे उलटे. तो म्हणतो, सगळ्यांना जगायचं आहे, म्हणून आधी मारा. महावीर म्हणतात, सगळ्यांना जगायचं आहे, म्हणून मारू नका.

दुसरी गोष्टही तशीच. लेखक म्हणतो, दुसऱ्याच्या मनात काय आहे हे तुम्हाला कळू शकत नाही. अनेकांतही हेच सांगतो, की आपल्याला दिसतं ते एका बाजूचं आणि अपुरं. पण अपुरं दिसतं म्हणून हात आवरावा, की अपुरं दिसतं म्हणून गोळी घालावी? ज्ञान दोन्हीकडे तेवढंच आहे. फरक पडतो तो न कळण्याचं काय करायचं, इथे. भीती त्या रिकाम्या जागेत शत्रू बसवते. मी त्या रात्री आजार बसवला. गॅलरीत उभी होती ती माझ्या मुलाच्या मुंजीएवढ्या, म्हणजे आमच्या भाषेत मौंजीबंधनाच्या, समारंभात शंभर माणसांच्या पुऱ्या लाटणारी मावशी. पण मला त्या क्षणी ती दिसलीच नाही.

हे सगळं मी मुलाला सांगितलं नाही. फक्त सिद्धांतापुरतं बोलले. तो म्हणाला, "आई, तुझं बरोबर आहे, पण घरात आणि गल्लीत माणसं एकमेकांना ओळखतात. तिथे चार प्रकाशवर्षांचं अंतर आहे." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. घराचे नियम ब्रह्मांडाला लावू नयेत. पण मग मी विचारलं, तो पहारेकरी कुठे ओळखत होता आपल्याला? चार प्रकाशवर्षांवरून आलेली एक हाक ऐकली आणि त्याने आपल्या जगाचं नुकसान पत्करून अनोळखी लोकांना सावध केलं. ज्या लेखकाने काळोखं जंगल रचलं, त्यानेच त्या जंगलात हा एक जीव ठेवला आहे. मुलगा म्हणाला, "हं." तो 'हं' म्हणाला की समजायचं, मुद्दा पोचला.

चेंग शिनबद्दलही मला लेखकाशी भांडायचं आहे. कणखर निर्णय सगळे पुरुषांचे आणि कच खाणारी ती आईच्या काळजाची बाई, अशी विभागणी तो करतो. दुसऱ्या भागात तर नायकाच्या कल्पनेतली सुंदर बायको शोधून आणून देतात, आणि ती बिचारी हसण्यापलीकडे फारसं काही करत नाही. पन्नाशीतल्या वाचकिणीला याचा कंटाळा येतो. आईचं काळीज मऊ असतं हे ठरवून टाकणाऱ्यांनी आया पाहिलेल्या नसतात. माझंच उदाहरण घ्या. घरच्यांसाठी दिवा मालवणारी मीही आईच होते.

आणि पुढची कथा नीट वाचली तर शिव्या घालणाऱ्यांचंही सगळं खरं ठरत नाही. बटण शेवटी दाबलं जातंच. दूर गेलेल्या एका जहाजावरचे लोक तो पत्ता जाहीर करतात. त्यामुळे ऑस्ट्रेलियातली माणसं सुटतात. पण तीन सूर्यांचं जग नष्ट होतं, आणि पत्ता उघड झाल्यामुळे काही पिढ्यांनी आपली सूर्यमालाही जाते. कोणी तरी तिसराच येता-जाता कागदाच्या चिटोऱ्याएवढं अस्त्र भिरकावतो, आणि ग्रह, समुद्र, माणसं सगळं चपटं होऊन चित्रासारखं पसरतं. ती पानं वाचताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणजे न दाबल्याने नाश आणि दाबल्यानेही नाश. तेव्हा तिची निवड फळावरून तोलता येत नाही. खरगोनच्या त्या मुलाला काही झालं असतं, तर त्याचं खाली उतरणं चूक ठरलं असतं का? आणि सासऱ्यांना काही झालं नाही म्हणून माझं दिवा मालवणं बरोबर ठरतं का?

लेखकाचं आणखी एक गृहीत आहे: संस्कृती वाढत राहते, पण विश्वातलं द्रव्य तेवढंच, म्हणून झगडा अटळ. हे मात्र मी हसून वाचलं. लग्न होऊन आले तेव्हा या घरात अकरा माणसं होती आणि दूध दोन लिटर. चौदाव्या दिवशी महिन्याची साखर संपायची. द्रव्य तेवढंच आणि खाणारी वाढती, हा आमचा रोजचा हिशेब. त्यावर सासूबाईंचा उपाय एकच: प्रत्येकीने आपल्या वाटीतलं थोडं कमी घ्यायचं. त्याला अपरिग्रह म्हणतात हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

गंमत अशी, की दीड हजार पानांनंतर लेखकही तिथेच येतो. शेवटी वेगवेगळ्या संस्कृतींनी स्वतःपुरती छोटी छोटी विश्वं करून, त्यात द्रव्य साठवून आसरा घेतलेला असतो. मोठ्या विश्वाला पुन्हा जन्म घ्यायला ते द्रव्य परत हवं असतं. सगळ्यांना निरोप जातो, घेतलेलं परत करा. चेंग शिन आपलं सुरक्षित घर सोडते आणि सगळं परत करते. मागे ठेवते पाच किलो: माणसाच्या आठवणींचा ठेवा आणि एका काचेच्या गोळ्यात थोडं पाणी, थोडी हिरवळ, लहानसे मासे. बाकीचे परत करतील की नाही हे तिला माहीत नसतं. जिला सगळ्यांनी नाव ठेवलं, तिच्याच हातून लेखक हे करवून घेतो. मला वाटतं, त्याच्या मनातही शंका होती. सिद्धांत त्याने डोक्याने रचला आणि शेवट दुसऱ्याच कुठल्या जागेवरून लिहिला.

एक खरी गोष्ट सांगते, कादंबरीतली नव्हे. १९७७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यावर पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत, आणि त्यांत आपली मराठीही आहे. केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरीत जन्मलेली ही गायिका दुसरं यान सुटल्यावर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, वारली. तिचा आवाज आता सूर्यमालेच्या वाऱ्यापलीकडे गेला आहे आणि एखाद्या ताऱ्याच्या जवळपास जायला त्याला हजारो वर्षं लागतील. काळोख्या जंगलाचा नियम खरा असेल, तर हा शुद्ध वेडेपणा. तबकडीवर आपला पत्तासुद्धा कोरला आहे! पण अणुबॉम्बचे ढीग रचलेल्या त्या काळात काही माणसांनी बसून ठरवलं, की अनोळखी लोकांना पहिला शब्द धमकीचा नको, नमस्काराचा हवा. ते ठरवणं मला मोठं वाटतं. कोणी ऐको न ऐको.

आता शेवटचं. दरवर्षी क्षमावाणीला आपण दारोदार जाऊन हात जोडतो. वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा करा. मीही मावशींकडे जाते. त्या जैन नाहीत, तरी त्यांना हा दिवस ठाऊक आहे, पेढा तयार ठेवतात. २०२० नंतर मी प्रत्येक वर्षी 'काही चुकलं असेल तर' म्हटलं आणि पेढा खाऊन परत आले. 'काही' या शब्दाखाली केवढं काय काय लपतं!

यंदा गेले, बसले, आणि सांगितलं. म्हटलं, "मावशी, त्या रात्री तुम्ही हाक मारलीत ती मी ऐकली होती. मी मुद्दाम दिवा मालवला."

त्या गवारीच्या शेंगा मोडत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "दिसलं होतं की मला. दिवा लागलेला होता म्हणून तर तुला हाक मारली."

मला काही बोलता येईना. पाच वर्षं त्यांना माहीत होतं. या पाच वर्षांत लिंबाचं लोणचं आलं, सासरे गेले तेव्हा तीन दिवस आमच्याकडे पिठलं-भात आला, माझ्या गुडघ्याला तेल आलं. मी विचारलं, "मग तुम्ही कधी बोलला नाहीत?" त्या म्हणाल्या, "काय बोलणार? मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, मलाही ठाऊक नाही. सासरे होते ना तुझे." मग शेंगांची परात माझ्याकडे सरकवली. "घे, मोडू लाग. ह्यांना वेळेवर जेवायला लागतं."

मी शेंगा मोडल्या. पुन्हा तशी रात्र आली तर मी काय करीन, याची खात्री मला नाही. खात्री आहे असं म्हणणं हे आणखी एक खोटं होईल. पण घरी येऊन मी एक केलं. मुलाला फोन लावला आणि त्याला सांगितलं, की मी चेंग शिनसारखी नाही. कशी आहे, तेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हं."

स्वयंपाकघरातला दिवा आता मी झोपेपर्यंत चालू ठेवते. यजमान विजेच्या बिलावरून कुरकुरतात. कुरकुरू देत.